काळ्या कागदातली नळी

४ ऑक्टोबर

चौकश्या,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच वापर, अजून पुष्कळ शिल्लक असतील.

परवा तुमच्या प्रयोगशाळेत जाऊन रक्त देऊन आले. तू नेमका त्याच दिवशी कुठल्याशा बैठकीला गेलेला. तुझ्या आईनं माझ्यामागे तुणतुणं लावलं होतं, "त्याला दम्याच्या माणसाचं रक्त हवंय, तुझ्याकडे दमाही आहे आणि रक्तही आहे, देऊन टाक की." मग दिलं. तुमच्या सिस्टर फार गोड आहेत. सुई कधी टोचली ते कळलंसुद्धा नाही, आणि जिचा जन्म लोकांचे फाटके कपडे रफू करण्यात गेला ती बाई दुसऱ्याच्या सुईचं असं कौतुक करत नसते. नंतर त्यांनी चहा पाजला, सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं. मी माझ्या गिऱ्हाइकांचं सांगितलं. मजेत वेळ गेला.

मी फोन का करत नाही म्हणून तू रुसतोस. अरे, फोनवर दोन वाक्यं झाली की मला धाप लागते आणि पुढचं तुम्ही लोक घाबरून ऐकतच नाही. कागदावर मला दम लागत नाही. इथे मी हवी तेवढी पळते.

आता मुद्द्याचं. हसायचं नाही आणि आईला सांगायचं नाही. माझ्या दुकानासमोर चष्म्याचं दुकान आहे ना, त्या चष्मेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलंय. कोट घेऊन आले होते. कोपराला कसरीनं भोक पाडलेलं. मी म्हटलं, "रफू केलेलं दिसणारसुद्धा नाही." तर म्हणाले, "दिसलं तरी चालेल. तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?" आणि मी तोंड उघडायच्या आत रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. कोट इथेच.

माणूस मनात भरलाय, तुझ्यापासून काय लपवायचं. पण त्यांची पहिली बायको आजारपणात गेली. कित्येक वर्षं या माणसानं उशाशी बसून काढली. आता पन्नाशी उलटलेल्या दमेकरणीशी लग्न करून पुन्हा त्याच खुर्चीत त्यांना बसवायचं का? माझं मन धजत नाही. म्हणून तुला विचारते. माझं रक्त तुझ्याकडे आहेच. त्यात बघ आणि मी टिकाऊ आहे की नाही ते सांग. टिकाऊ असेन तर हो म्हणते. नसेन तर त्यांना दुसरी कुणीतरी धडधाकट मिळो.

मावशी


११ ऑक्टोबर

मावशी,

हसलो नाही. आईलाही सांगितलं नाही, पण हे दुसरं फार जड गेलं. ती समोर बसून भाजी निवडत होती आणि माझ्या पोटात ही बातमी उड्या मारत होती.

तू विचारतेस ते सांगता मात्र येणार नाही. आमच्याकडे एकेका माणसाचा निकाल त्याला द्यायचा नाही असा नियम आहे. दमा असलेल्या बऱ्याच लोकांचं आणि नसलेल्या बऱ्याच लोकांचं रक्त घेऊन आम्ही दोन्हीकडची तुलना करतो. नळीवर नाव नसतं, आकडा असतो.

आम्ही बघतो काय, ते सांगतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. तो रोज कुठे ना कुठे तुटतो आणि पेशी रोज तो जोडत असते. तुझ्या भाषेत रफू. दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या सुजलेल्या असतात, त्या सुजेपायी धागा जास्त तुटत असावा असा अंदाज आहे. तुटला तर तुटला, पण मग तो नीट जोडला जातो का, हा आमचा प्रश्न. काचपट्टीवर पेशी पसरून त्यांना विजेचा हलकासा प्रवाह देतो. धाग्याचे तुटके तुकडे पुढे सरकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शेपटी फुटल्यासारखी दिसते. शेपटी लांब म्हणजे मोडतोड फार. मग पेशींना थोडा वेळ देऊन पुन्हा बघायचं. शेपटी आखडली तर दुरुस्ती चालू आहे असं समजायचं. हे सगळं मिणमिणत्या पिवळ्या दिव्यात चालतं. माझे डोळे गेले तर चष्मेवाले आता घरचेच होणार आहेत.

माझं ऐकशील तर रक्ताबिक्ताची वाट न बघता हो म्हणून टाक.

तुझा चौकश्या


२० ऑक्टोबर

चौकश्या,

पेशी फुकटात रफू करते हे वाचून धंदा बुडाल्यासारखं वाटलं. ती कुठे शिकली रे? मला तर टाक्याचा अंदाज यायलाच उमेदीची वर्षं लागली.

"हो म्हणून टाक" म्हणे. तुला काय जातंय म्हणायला. मी रोज त्यांना समोरून बघते. लहान मुलं चष्मा नको म्हणून रडतात तेव्हा हे स्वतःच्या नाकावर उलटा चष्मा लावून बसतात. बोलणं कमी. मागे त्यांना दुकानाला रंग द्यायचा होता, तर आधी मला येऊन विचारलं, "वासाचा त्रास होईल का?" मी म्हटलं, होईल. मी तुमच्याकडे राहायला आले होते ना, त्या आठवड्यात रंगवून घेतलं. परत आले तर भिंती पिवळ्याधमक आणि वासाचा मागमूस नाही. अशा माणसाच्या गळ्यात आजारी बायको मारायची? तूच सांग.

कोटाला अजून हात लावलेला नाही. तो झाला की न्यायला येतील, आले की उत्तर मागतील.

नियम तुमचे तुम्हाला लखलाभ. मला आकडा नको, शेपटी नको. सगळं ठीक असलं तर पत्रात नुसतं "मावशी, कोट शिवून टाक" एवढं लिही. याला कोण निकाल म्हणेल? शिंप्याकडचा निरोप आहे. तेवढं एक वाक्य लिहायला तुझं काय बिघडतं!

मावशी


५ नोव्हेंबर

मावशी,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. काम फार होतं.

तू पंप नियमानं घेतेस ना? सकाळचा आणि रात्रीचा, दोन्ही? दुकानातल्या लोकरीच्या धुळीचं काहीतरी करायला हवं. तोंडाला फडकं बांधून बसत जा. आणि एकदा मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून घे, मी बरोबर येतो. काळजीचं काही नाही, पण या वयात करून घेतलेल्या बऱ्या. जेवण जातंय ना? वजन कमी झालंय का?

निकालाबद्दल मला काही लिहिता येत नाही, ते तुला माहीत आहे. कोटाची घाई करू नकोस. अशा गोष्टी सावकाश विचार करून केलेल्या बऱ्या.

आई तुझी आठवण काढते.

चौकश्या


९ नोव्हेंबर

चौकश्या,

तुझं पत्र मिळालं. किती छान काळजी घेतोस रे. समजलं सगळं.

इकडे मजेत आहे. हवा सुरेख पडलीय. गिऱ्हाइकांची रीघ आहे. काल एका बाईंनी त्यांच्या नवऱ्याचा स्वेटर आणला, त्याला बाह्या सोडून काही शिल्लकच नव्हतं. मी म्हटलं, बाई, याच्यात नवरा तरी आहे का आतमध्ये? खूप हसलो दोघी.

माझी बारीक सुयांची डबी तुझ्या आईकडे पाठवली आहे. तिला पहिल्यापासून हवी होती आणि मला आता एवढं बारीक कुठे दिसतं. दुकान पुढे कुणाला चालवायला द्यावं याचाही विचार चाललाय, पण ते सावकाश. मोठ्या डॉक्टरांकडे काही जात नाही. त्यांनी वेगळं काय सांगायचंय.

चष्मेवाल्यांचं विचारू नकोस, त्यांना हल्ली फार काम असतं. तूही कामाला लाग. माझ्यापायी झोप मोडून घेऊ नकोस, मी खरंच खुशीत आहे.

मावशी


२२ नोव्हेंबर

मावशी,

आई म्हणाली सुया आल्या. ती डबी तू कधी कुणाला हातसुद्धा लावू दिली नाहीस. हे काय चालवलंयस? "समजलं सगळं" म्हणजे काय समजलं? मी काहीच लिहिलं नव्हतं. फोन केला तर उचलत नाहीस. उलट टपाली दोन ओळी पाठव.

चौकश्या


१ डिसेंबर

महाशय,

आपली ओळख नाही. आपल्या मावशींच्या दुकानासमोर माझं चष्म्याचं दुकान आहे. पत्ता त्यांच्या टेबलावरच्या पाकिटावरून उतरवून घेतला. न विचारता घेतला, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम हे सांगतो की त्या आता बऱ्या आहेत. शुक्रवारी त्यांच्या दुकानाचं शटर निम्मंच वर गेलेलं दिसलं आणि ते तसंच राहिलं. मी जाऊन पाहिलं तर त्या जमिनीवर बसल्या होत्या. ओठ निळसर, श्वास मिळत नव्हता. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत श्वास ताळ्यावर आला. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य "कुलूप लावलंत का?" हे होतं, त्यावरून धोका टळल्याचं मला कळलं. डॉक्टर म्हणतात की पंप त्यांनी आपल्या मनानं बंद केला होता. का केला, ते डॉक्टरांना सांगत नाहीत. मला म्हणाल्या, "जे जायचंच आहे त्याला ठिगळं कशाला."

आता थोडं खाजगी. मी त्यांना लग्नाचं विचारलं होतं, हे आपल्याला ठाऊक असावं. गेल्या महिन्यात त्यांनी माझा कोट रफू करून परत दिला आणि नकार दिला. कारण एवढंच दिलं की "मी टिकाऊ नाही." कोटावरचं काम मी भिंग लावून शोधलं, मला सापडलं नाही. नकार मला मान्य आहे, तो त्यांचा अधिकार. कारण मात्र मान्य नाही. माझ्या पहिल्या पत्नीच्या आजारपणात मी जी वर्षं काढली ती मला शिक्षा वाटली नव्हती. हे त्यांना सांगायची संधी मला मिळाली नाही.

आपल्याकडे रक्त देऊन आल्या त्या दिवशी केवढ्या खुशीत होत्या! सरळ माझ्या दुकानात येऊन सांगितलं की सिस्टर चहा आणायला गेल्यावर त्यांनी नळीवरचा काळा कागद काढला आणि नळी खिडकीत उन्हात धरून पाहिली, कारण रंगाची पारख दिव्याखाली होत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. गडद किरमिजी निघाला म्हणे, आणि नेमक्या त्या छटेचा धागा दुकानात नाही याची हळहळ वाटत होती. गप्पांच्या नादात नळी खिडकीच्या कट्ट्यावरच राहिली आणि चांगली कोमट झाली, हेही हसत सांगितलं. इतकं हसतं माणूस महिन्याभरात असं का मिटलं, याचं उत्तर आपल्याकडे असेल तर कृपया कळवा. मला चष्म्यापलीकडचं काही कळत नाही.

आपला,
चष्मेवाला


४ डिसेंबर

मावशी,

आधी पंप घे. पत्र बाजूला ठेव, पंप घे, मग पुढचं वाच.

घेतलास? आता खरं सांग. नळीचा काळा कागद तू काढला होतास का? उन्हात किती वेळ होती? माझ्यावर चिडलेली असशील तर चीड, पण हे आधी सांग.

मी दवाखान्यात फोन केला होता. तू झोपली होतीस, उठवू दिलं नाही. शनिवारी मी येतोच आहे. पण शनिवारपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही म्हणून हे लिहितोय.

ऐक. त्या दिवशी दम्याच्या गटातली नळी एकच आली होती, म्हणून आकडा असूनही ती तुझी हे मला कळलं. कळायला नको होतं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. सगळ्या पेशींना ही लांब शेपटी. वेळ देऊन पुन्हा पाहिलं तर शेपट्या होत्या तशाच, एकही आखडली नव्हती. असं मी आजवर कुणाचंच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, तुला काहीतरी भयंकर झालंय आणि ते मला एकट्याला माहीत आहे. कुणाला विचारायचीही सोय नव्हती, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सांगितलं असतं तर मला नळी ओळखू आली हे बाहेर पडलं असतं. म्हणून मी तुला ते पंपाचं आणि वजनाचं पत्र लिहिलं. कोटाचं ते एक वाक्य लिहायला पेन उचललं होतं, पण खोटं लिहवेना.

मावशी, तो कागद प्रकाशासाठीच असतो. प्रकाशानं हा धागा तुटतो, आणि पेशी तापून अर्धमेल्या झाल्या की तो जोडतही नाहीत. आम्ही पिवळ्या दिव्यात डोळे फोडून घेतो ते त्याचसाठी. भर उन्हात तापलेल्या नळीतल्या पेशी तुझ्या काय किंवा एखाद्या पैलवानाच्या काय, सारख्याच दिसणार!

उत्तर पाठव. आणि पंप घे.

चौकश्या


७ डिसेंबर

गाढवा,

हो, काढला होता. मला वाटलं, रक्त बघून कुणाला भोवळ येऊ नये म्हणून झाकतात. तुमच्यात कुणी लिहून ठेवलंय का तिथे की हा कागद कशासाठी आहे? सिस्टर चहा आणायला गेल्या आणि मी एकटी बसले होते. समोर स्वतःचं रक्त, बाजूला अशी लख्ख खिडकी. कुठलाही रंग मी दिव्याखाली बघितलेला नाही, दारात नेऊन उन्हात धरल्याशिवाय धागा निवडत नाही, तर स्वतःचाच रंग कसा न बघता सोडू? धरून बघितला. तेवढ्यात चहा आला, सून निघाली गप्पांत, आणि नळी राहिली कट्ट्यावर. उन्हात किती वेळ होती म्हणशील तर सुनेचं अख्खं गाऱ्हाणं आणि त्यातलं निम्मं दुसऱ्यांदा, इतका वेळ. सिस्टर कपबशा ठेवायला गेल्या तेव्हा लक्षात आलं. पटकन कागद परत गुंडाळला. घडीवर घडी अशी बसवली की त्यांना संशयसुद्धा आला नाही. जन्मभर तेच तर काम केलंय, की हात लागल्याचं कुणाला दिसू नये.

तुझं पत्र वाचून आधी मी खूप वेळ रडले. मग इतकं हसू आलं की परत पंप घ्यावा लागला. मग तुझा असा राग आला म्हणून सांगू! महिनाभर मी रोज सकाळी उठून स्वतःला निरोप देत होते. कपाट आवरलं. सुया देऊन टाकल्या, त्या आता परत कशा मागू? आणि समोरच्या माणसाकडे बघायला लागू नये म्हणून टेबल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत होते. एक वाक्य विचारलं असतंस, "मावशी, नळीचं काही केलंस का?" तर एवढं रामायण झालं नसतं. पण नाही, भाच्याला वाटलं मावशीला जपावं. मलाही वाटलं, भाचा दुःखात आहे, त्याला जपावं. दोघं एकमेकांना जपत जपत मला दवाखान्यात घेऊन गेलो.

शनिवारी ये. पण लगेच गुढ्या उभारू नकोस. उन्हामुळे बिघडलं हे खरं, पण उन्हाशिवाय चांगलं निघालं असतं हे कुठे ठरलंय? पुन्हा रक्त घे. या वेळी मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसते.

चष्मेवाले रोज डबा घेऊन येतात, दारात ठेवतात, जातात. मी अजून काही बोललेले नाही. तुझा शब्द आल्याशिवाय बोलणारही नाही.

मावशी


३ जानेवारी

मावशी,

पत्र उभ्यानं वाचत असशील तर बस. चांगलंच आहे, तरी बस.

तू दुसऱ्यांदा रक्त दिलंस त्याच दिवशी मी आमच्या बाईंकडे जाऊन सगळं सांगून टाकलं होतं. नळी ओळखली, गप्प बसलो, तुला भलतंसलतं लिहिलं, सगळं. त्या ऐकत होत्या आणि मी खाली फरशीकडे बघत होतो. मग जे सुरू झाल्या! "नातेवाइकाची नळी आहे हे कळल्याबरोबर तू माझ्याकडे का आला नाहीस? एकच नळी इतकी वेगळी दिसते तेव्हा पहिला संशय माणसावर घ्यायचा की नळीवर? आणि ही चाचणी माणसाचं आयुष्य मोजते असं तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, "मग भविष्य सांगायचं दुकान उघड, इथे कशाला आलास?" जुनी नळी त्यांनी तिथल्या तिथे बाद केली आणि नवी स्वतः तपासायला घेतली. मला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. मी बाहेर बाकावर नखं खात बसलो होतो.

काल बोलावलं. एकेकाचा निकाल द्यायचा नाही हा नियम त्यांनी मोडला नाही. पण म्हणाल्या, "आपल्या चुकीनं एका बाईला महिनाभर मनस्ताप झालाय, तेव्हा एवढं मी माझ्या नावावर कळवते. पहिल्या नळीत ज्याची भीती वाटली तसलं या नळीत काहीही नाही. अगदी चारचौघांसारखी आहे. शेपट्या होत्या, वेळ दिल्यावर आखडल्या." माझा जीव असा भांड्यात पडला की त्यांच्यासमोरच रडू फुटलं. त्यांनी न बघितल्यासारखं केलं आणि खिडकीचा पडदा नीट करत बसल्या. पडद्याला काहीही झालेलं नव्हतं.

आणि आता सगळ्यांचं मिळून जे दिसतंय ते सांगतो, ते सांगायला बंदी नाही. दम्याच्या लोकांच्या पेशींत धागा थोडा जास्त तुटतो खरा. पण जोडायचं काम त्या इतरांइतक्याच मन लावून करतात. आमची माणसं मोजकीच होती, तेव्हा याच्यावरून कुणी मोठी घोषणा करू नये असं बाई म्हणतात. मी करत नाही. मी फक्त मावशीला पत्र लिहितोय.

एक मात्र त्यांनी तुला मुद्दाम सांगायला सांगितलंय. तू किती टिकशील हे या शेपट्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही, चांगल्या निघाल्या तरीही नाही. पंप नियमानं घेतलास तर बरीच टिकशील, हे मात्र कुठलाही डॉक्टर सांगेल. म्हणजे तू मला जे विचारलं होतंस त्याचं उत्तर माझ्याकडे कधी नव्हतंच. ते नसताना लोक लग्नं करतात. सगळेच तशीच करतात.

सिस्टरनी आता त्या काळ्या कागदावर पांढऱ्या शाईनं मोठ्ठं लिहिलंय, "उघडू नये". खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "मावशी".

चौकश्या


१० जानेवारी

चौकश्या,

बस म्हणालास, पण बसवलं नाही. "चारचौघांसारखी" हा शब्द वाचला आणि पत्र हातात घेऊनच दुकानाबाहेर पडले. जन्मभर कुणी मला चारचौघांसारखी म्हटलेलं नाही रे. शाळेत खेळाच्या तासाला झाडाखाली, लग्नकार्यात खुर्चीवर, प्रवासात खिडकीशी. शटर उघडं, सुईत धागा तसाच, पायात घरातल्या सपाता. बाहेर हवा अशी गार की छातीत बोचली. रस्ता तो केवढासा, पण घाईघाईनं ओलांडला आणि दुकानात पाऊल टाकेपर्यंत मला पुरती धाप लागली.

आत एक आजोबा खुर्चीत बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होते. हे शेजारी काचा बदलत उभे. हे म्हणजे चष्मेवाले. बघ, काय लिहून गेले. राहू दे आता, खोडत नाही.

मी म्हटलं, "मला..." आणि पुढे शब्दच फुटेना. आजोबा वळून म्हणाले, "बाईंना पाणी हवंय." मी मान हलवली. पुन्हा म्हटलं, "मला तुम्हाला..." आजोबा म्हणाले, "बाईंना तुम्हाला काहीतरी दाखवायचंय, ते पत्र बघा त्यांच्या हातातलं." अरे, हे माझं नेहमीचंच. मला श्वास पुरत नाही म्हणून माझी वाक्यं कायम दुसरीच माणसं पुरी करतात. तुझी आई करते, डॉक्टर करतात, तूही करतोस. प्रेमानंच करता सगळे. पण अर्ध्याअधिक वेळा मला म्हणायचं असतं भलतंच, आणि ते बदलायला पुन्हा श्वास कुठून आणू, म्हणून मी "हो, तेच" म्हणून सोडून देते.

चष्मेवाल्यांनी आजोबांना हातानंच थांबवलं. स्टूल ओढून माझ्याजवळ ठेवलं, मी बसले. मग स्वतः दुसऱ्या स्टुलावर बसले. पत्राकडे बघितलं नाही. घड्याळाकडे बघितलं नाही. चेहऱ्यावर काळजी आणून माझ्याकडे टक लावूनसुद्धा बसले नाहीत. नुसते थांबले. दारातून एक गिऱ्हाईक डोकावलं, त्यालाही मानेनंच "नंतर" म्हणाले. मी पंप घेतला, छातीतली घरघर हळूहळू खाली बसली, तरी ते थांबलेच होते. इतका वेळ माझ्यासाठी कुणी नुसतं थांबलेलं मला आठवत नाही.

मग माझं वाक्य मी स्वतः पुरं केलं. म्हटलं, "मला तुम्हाला सांगायचं होतं की मी टिकाऊ आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही. पण माझं उत्तर हो आहे."

ते म्हणाले, "सावकाश."

मी म्हटलं, "आता काय सावकाश? झालं माझं बोलून."

"तुम्हाला नाही," ते म्हणाले, "मी मलाच म्हणालो." आणि चष्मा काढून पुसायला लागले. काचा लख्ख झाल्या, तरी बराच वेळ पुसतच होते.

मावशी